‘मी स्वतंत्र आहे’ असं लिहिणारा गोवेकर : फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांची पार्श्वभूमी

मडगावला लागून असलेल्या नावेलीत दक्षिण गोव्याचं जिल्हा ग्रंथालय आहे, त्याला डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांचं नाव आहे. पणजीत मांडवीकाठी कांपालची बाग आहे, तिलाही त्यांचंच नाव, आणि पुतळाही तिथेच. नाव असं रोजच्या वाटेवर असूनही हा माणूस नेमका कोण होता हे फार थोड्यांना सांगता येतं. पेशाने डॉक्टर, अभ्यासाने अर्थशास्त्री आणि १८६१ पासून मरेपर्यंत लिस्बनच्या संसदेत गोव्याचा प्रतिनिधी. दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेत निवडून आले १८९२ साली. त्याच्या एकतीस वर्षं आधी नावेलीचा हा माणूस युरोपातल्या एका संसदेत उभा राहून बोलत होता.

त्याच १८६१ मध्ये त्यांनी लामार्तिन या फ्रेंच कवीला एक पत्र लिहिलं. लामार्तिन नुसते कवी नव्हते. १८४८ च्या क्रांतीनंतर फ्रान्सच्या सरकारातही ते बसले होते. पत्रात गोमिश लिहितात की माझा जन्म हिंदुस्थानात झाला, जो एके काळी काव्य, तत्त्वज्ञान आणि इतिहास यांचा पाळणा होता आणि आज त्यांची कबर आहे. ज्या वंशाने महाभारत रचलं आणि बुद्धिबळाचा शोध लावला, त्या वंशातला मी. पुढे ते हिंदुस्थानासाठी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागतात. आणि मग स्वतःविषयी एकच ओळ : माझ्या देशबांधवांपेक्षा मी भाग्यवान, मी स्वतंत्र आहे, ‘सिव्हिस सुम’. लॅटिनमधले हे दोन शब्द, अर्थ ‘मी नागरिक आहे’.

मला हे पत्र पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातला, ख्रिस्ती घरातला मुलगा, शिक्षण पोर्तुगीजमधून, आणि आपली ओळख सांगताना पहिल्यांदा नाव घेतो ते महाभारताचं. धर्म बदलला म्हणून वारसा तुटला असं त्याला वाटत नाही. पण त्या शेवटच्या ओळीत एक फार मोठी फट आहे. देशबांधव पारतंत्र्यात आणि मी तेवढा स्वतंत्र, हे कसं झालं? त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याने १७६१ मध्ये एक फर्मान काढलं. आशियातल्या पोर्तुगीज मुलखात जन्मलेल्या बाप्तिस्मा घेतलेल्या प्रजाजनांना खुद्द पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क असतील, असं त्यात म्हटलं होतं. गोव्यात ते अंमलात यायला १७७४ उजाडलं, कारण ज्यांच्या हातात अधिकार होते त्यांना ते नको होतं. कागदावर बरोबरी आली तरी चर्चमधल्या आणि सैन्यातल्या वरच्या जागा गोवेकरांना मिळेनात. त्या असंतोषातून १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा उठावाचा कट शिजला. तो फुटला आणि त्यातल्या काहींना देहदंड झाला. फर्मानातली अटही विसरून चालणार नाही : बरोबरी बाप्तिस्मा घेतलेल्यांना होती. हिंदू प्रजा त्या वाक्याच्या बाहेरच राहिली.

१८२० मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरात उदारमतवाद्यांची क्रांती झाली, १८२२ मध्ये राज्यघटना आली आणि वसाहतींनाही लिस्बनला प्रतिनिधी पाठवता येऊ लागले. गोव्याने पहिल्या खेपेला तिघांना निवडलं, त्यांत बेर्नार्दो पेरेस द सिल्वा आणि कोन्स्तान्सियो रोक द कोस्टा हे दोघे इथलेच.

पेरेस द सिल्वा यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. तेही डॉक्टर, तिसवाडीतल्या नेवऱ्याचे. पोर्तुगालमध्ये राजा मिगेलच्या एकतंत्री राजवटीत त्यांना परागंदा व्हावं लागलं. उदारमतवादी पुन्हा जिंकले तेव्हा त्यांना थेट पोर्तुगीज हिंदुस्थानचा प्रीफेक्ट, म्हणजे मुलकी कारभाराचा प्रमुख, नेमण्यात आलं. १४ जानेवारी १८३५ रोजी त्यांनी सूत्रं हाती घेतली. पोर्तुगिजांच्या साडेचारशे वर्षांच्या राजवटीत या पदावर बसलेला हा एकमेव गोवेकर. १ फेब्रुवारीला सैन्याने त्यांना पदावरून खाली खेचलं. तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. ते मुंबईला गेले आणि तिथल्या गोवेकर व्यापाऱ्यांच्या मदतीने परतायची धडपड त्यांनी केली, पण ती फसली. मे महिन्यात गास्पार दियशच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मिरामारला, त्यांच्या बाजूच्या सैनिकांची कत्तल झाली आणि किल्ला जाळण्यात आला. पेरेस द सिल्वा यांचा अधिकार उरला तो दमणकडे. पुढे ते पुन्हा लिस्बनला प्रतिनिधी म्हणून गेले आणि १८४४ मध्ये तिथेच वारले.

किल्ला जळाला तेव्हा नावेलीतला फ्रान्सिस्को सहा वर्षांचाही नव्हता. त्याचा जन्म ३१ मे १८२९ चा. म्हणजे त्याची पिढी हे ऐकतच मोठी झाली असणार : गोवेकराला खुर्ची मिळू शकते आणि ती अशी काढूनही घेतली जाऊ शकते.

१८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय शाळा स्थापन झाली. तिथून गोमिश १८५० मध्ये बाहेर पडले आणि सैन्यात शल्यविशारद म्हणून लागले. १८६० च्या निवडणुकीत ते निवडून आले आणि जानेवारी १८६१ मध्ये लिस्बनच्या सभागृहात पहिल्यांदाच बोलायला उभे राहिले. विषय होता वसाहतींना संसदेत प्रतिनिधी असावेत की नाही. ते नकोतच असं म्हणणाऱ्यांना उत्तर देणं हेच त्यांचं पहिलं भाषण ठरलं. ही काही मानापमानाची लढाई नव्हती. गोव्यात कायदे करणारी लोकांची सभा नव्हती, गव्हर्नर लिस्बनहून यायचा. लिस्बनच्या सभागृहातली ती खुर्ची गेली असती तर गोव्याला स्वतःसाठी बोलायला जागाच उरली नसती.

पुढची वर्षं त्यांनी झपाटल्यासारखी लिहिण्यात घालवली. १८६२ मध्ये गोव्याच्या शेतीवरचं पुस्तक, ज्याच्या शीर्षकातच ‘जमिनीचं स्वातंत्र्य’ हे शब्द आहेत. १८६७ मध्ये अर्थशास्त्राचा नीती आणि कायद्याशी काय संबंध, यावर फ्रेंचमधून ग्रंथ. त्याच्या आदल्या वर्षी ‘ब्राह्मण’ या अर्थाच्या नावाची पोर्तुगीज कादंबरी, जिची कथा फैजाबादेत, १८५७ च्या उठावाच्या काळात घडते. गोव्यातल्या कादंबरीचा इतिहास बहुतेक इथूनच सुरू करतात. आणि १८६९ मध्ये पोंबालचं चरित्र. ज्याच्या फर्मानामुळे आपल्यासारख्यांना माणसांत जागा मिळाली त्याच्यावर त्यांनी फ्रेंचमधून ग्रंथ लिहावा, यात मला ऋण फेडण्याचा भाव दिसतो.

पण ‘सिव्हिस सुम’ म्हणणारे हे सुदैवी किती होते? मतदानाचा हक्क ठरावीक उत्पन्न असलेल्या पुरुषांपुरताच होता. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नव्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून जिंकलेल्या मुलखातल्या, ज्या घरांत पोथी, कीर्तन आणि हिशेबाची वही मराठीत होती, त्या घरांपर्यंत लिस्बनचं भाषण पोचायचं तरी कसं? त्यांना धर्माच्या भेदाविना पूर्ण बरोबरी मिळाली ती पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर, १९१० नंतर. आणि वीस वर्षांत, १९३० च्या वसाहत कायद्याने, पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारने वसाहतीच्या प्रजेला पुन्हा खालच्या पायरीवर बसवलं. तेव्हा गोव्याचे पत्रकार आणि नेते लुईस द मिनेझिस ब्रागांझा पणजीच्या सरकारी मंडळात त्याविरुद्ध ठराव घेऊन उभे राहिले.

गोमिश यांना यातलं काहीच बघायला मिळालं नाही. १८६९ मध्ये प्रकृती पार ढासळली आणि ते घरी यायला निघाले. सुएझ कालवा अजून खुला झाला नव्हता. युरोपातून येणाऱ्याला अलेक्झांड्रियाला उतरायचं, आगगाडीने सुएझला यायचं आणि तिथून पुढची बोट धरायची, असा प्रवास होता. ३० सप्टेंबर १८६९ रोजी वाटेत समुद्रावरच त्यांचा मृत्यू झाला. वय चाळीस. देह समुद्राला दिला गेला. नावेलीत त्यांची कबर नाही.