स्टेकहाऊसचं बुकिंग करताना: खुर्च्या किती आणि स्टेक किती जणांचा?

आमच्याकडून न्यूयॉर्कची टूर घेणाऱ्या मंडळींपैकी बरेच जण हल्ली म्हणतात की एक संध्याकाळ जुन्या स्टेकहाऊसमधे, म्हणजे बीफचे जाड तुकडे (स्टेक) भाजून देणाऱ्या रेस्टॉरंटमधे, घालवायची आहे, तेवढं टेबल बघा. बघतो की. न्यू जर्सीतून गाडी, मराठी बोलणारा माणूस आणि जेवणाचं बुकिंग हे सगळं आम्ही एकत्रच देतो. पण बुकिंगच्या वेळी आम्ही एक फॉर्म पाठवतो, त्यात कोण काय खातं हे माणशी विचारलेलं असतं, आणि तो फॉर्म निम्मे लोक "आम्ही सहा जण आहोत" एवढंच लिहून परत पाठवतात. सगळा घोळ इथेच होतो म्हणून हे पत्रक.

सहा जण म्हणजे सहा खुर्च्या. स्टेक किती जणांचा ते यातून कळत नाही. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमधलं पीटर लूगर घ्या, १८८७ पासूनचं. तिथे मुख्य पदार्थ म्हणजे पोर्टरहाऊस, आणि तो मेनूवर दोघांसाठी, तिघांसाठी, चौघांसाठी असा लिहिलेला असतो. मधे टी आकाराचं हाड, एका बाजूला स्ट्रिप म्हणजे जरा घट्ट मांस, दुसऱ्या बाजूला मऊसूत फिले. दोघांचा म्हटलं तरी हाडासकट साधारण किलोच्या आसपास जातो. तो भाजून, कापून, तुपात... म्हणजे बटरमधे चरचरत एकाच ताटात येतो, वेटर ताटाखाली एका बाजूला छोटी बशी उपडी घालून ते तिरकं करतो, खाली साठलेला रस चमच्याने स्टेकवर घालतो आणि मग वाढतो. बघायला छानच वाटतं, पण ताट एक म्हणजे भाजणीही एकच. चौघांच्या ताटात एकाला कच्चट आणि एकाला कडक असं होत नाही.

आता आपल्याकडचं टेबल कसं असतं बघा. मुलगा-सून आवडीने खाणार, वडील "थोडं चाखेन" म्हणणार, आई बीफ खात नाही, मावशींची नेमकी संकष्टी, आणि नातवाला फक्त फ्राइज पाहिजेत. हे सगळं वेटर वही घेऊन उभा असताना टेबलावर ठरायला लागतं, वीस मिनिटं जातात, शेवटी सहा खुर्च्या म्हणून चौघांचा स्टेक मागवला जातो आणि खाणारे असतात अडीच. वर वडील म्हणतात आमचं जरा वेल-डन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण भाजून, आणायला सांगा, ते परत जातं, बाकीच्यांचं गार होतं. तुमच्यानंतर तेच टेबल पुढच्या मंडळींना दिलेलं असतं त्यामुळे कॉफीच्या वेळेला घाई सुरू होते, मग फोन आम्हाला, की तुमच्या रेस्टॉरंटवाल्यांनी आम्हाला उठवलं.

म्हणून फॉर्म भरा, माणशी भरा. स्टेकहाऊसमधे स्टेक म्हणजे बीफच, त्यात मटण-चिकनचा पर्याय गृहीत धरू नका. कोणी खावं कोणी खाऊ नये हा ज्याचा त्याचा प्रश्न, आम्ही त्यात पडत नाही, आम्हाला फक्त आकडा पाहिजे. बीफ न खाणारे दोनपेक्षा जास्त असतील तर आम्ही सहसा मॅनहॅटनमधलं कीन्स सुचवतो. ते १८८५ चं, छताला मातीच्या हजारो चिलमी टांगलेल्या, आणि तिथली खासियत स्टेकइतकीच मटण चॉप. वडीलधाऱ्यांना ते बरोबर जमतं. शाकाहारी माणसाचं पोट साइड डिशवर भरतं, क्रीम घातलेला पालक, भाजलेला बटाटा, हॅश ब्राउन, पण तिथल्या सॅलडवरसुद्धा बेकनचे तुकडे असू शकतात आणि बटाटा कशात परतलाय हे विचारावं लागतं. फॉर्ममधे लिहिलंत तर आम्ही आधीच फोन करून विचारून ठेवतो. साइड्स वेगळ्या मागवायच्या असतात बरं का, स्टेकबरोबर आपोआप काही येत नाही, आणि एक वाटी दोघा-तिघांना पुरते.

भाजणीबद्दल. "रक्त दिसतंय" हे आम्ही दर आठवड्याला ऐकतो. ते रक्त नव्हे, स्नायूतलं मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन आणि पाणी. मीडियम-रेअर म्हणजे आत साधारण ५५ अंश सेल्सियस, मीडियम ६० च्या वर, वेल-डन ७० च्या पुढे. पहिल्यांदा खात असाल तर सगळ्यांनी मिळून मीडियम सांगा. कमी भाजलेलं परत विस्तवावर जाऊ शकतं, जास्त भाजलेलं मागे येत नाही. आणि वेल-डनच पाहिजे असेल तर सांगा बिनधास्त, लाजू नका, फक्त जाड तुकडा आहे, वेळ लागणार.

महाग का, हेही विचारतात. हे मांस तीन-चार आठवडे किंवा जास्त थंड खोलीत उघडं ठेवून मुरवतात, त्यात पाणी उडतं, वजन घटतं, बाहेरची वाळलेली साल कापून टाकतात, आणि उरलेल्याला ती खमंग चव येते. मॅनहॅटनमधे बावन्नाव्या रस्त्यावरच्या गॅलघर्स या स्टेकहाऊसची ती खोली फुटपाथवरून काचेतून दिसते, आमची गाडी तिथून जाते तेव्हा थांबवायला सांगा.

बिलाचा अंदाज आधीच घ्या. मेनूचे ४०० डॉलर झाले तर ८.८७५ टक्के टॅक्सचे साडेपस्तीस आणि २० टक्के टिपचे ८०, म्हणजे ५१५ च्या वर. टिप इथे ऐच्छिक नावालाच. लूगरला क्रेडिट कार्ड चालत नाही, कॅश किंवा अमेरिकन बँकेचं डेबिट कार्ड, तेव्हा भारतातून आलेल्यांनी कॅश जवळ ठेवा नाहीतर आमच्या माणसाला आधी सांगा, तो सोय बघतो. उरलेलं हाडासकट बांधून देतात, मागायला संकोच नको.

आमचा ॲडव्हान्स जास्त वाटतो असं काही जण म्हणतात. बऱ्याच ठिकाणी टेबल धरताना कार्ड घेतात आणि ऐनवेळी न आल्यास माणशी कापतात, ते आमच्या कार्डवर येतं, म्हणून घेतो. आणि अर्धी मंडळी आली तर बऱ्याचदा बसवतही नाहीत, सगळे आले की टेबल, त्यामुळे आमची गाडी सगळ्यांना एकदम आणून सोडते.

फॉर्म व्हॉट्सॲपवर येतो, भरायला पाच मिनिटं. दोन दिवस आधीपर्यंत त्यात काहीही बदला, उपवाससुद्धा. त्यानंतर रेस्टॉरंट ऐकेल तेवढंच.