केवड्यामागचे लोह

चुनखडीयुक्त जमिनीतल्या उसाची कोवळी पाने पिवळी, पुढे जवळजवळ पांढरी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेव्हा महाराष्ट्रातले शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात आणि हिराकस हा लोहाचा क्षार फवारतात. लोहाच्या क्षारांनी अशी पाने पुन्हा हिरवी होतात, हे फ्रान्समध्ये यूझेब ग्री यांनी १८४०च्या दशकातच दाखवले होते. मात्र लोह कमी पडत आहे हे झाडाला कसे उमगते, हा प्रश्न त्यानंतर दीड शतक तसाच राहिला.

वास्तविक जमिनीत लोहाचा तुटवडा क्वचितच असतो. भूकवचाच्या वजनात सुमारे ५ टक्के लोहच आहे, आणि कोकणातला जांभा तर त्यानेच तांबडा झाला आहे. अडचण विरघळण्याची आहे, कारण हवा खेळत्या जमिनीतले लोह फेरिक, म्हणजे सहज न विरघळणाऱ्या, स्वरूपात असते आणि सामू (पीएच) एका अंकाने वाढला की त्याची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते.

या अडचणीवर वनस्पतींनी दोन मार्ग काढले आहेत. टोमॅटो, भुईमूग यांसारख्या वनस्पतींची मुळे भोवतालची माती आम्लधर्मी करतात, फेरिक लोहाचे अधिक विरघळणाऱ्या फेरस स्वरूपात रूपांतर करतात आणि मग ते आत घेतात. गवतवर्गीय वनस्पती वेगळ्या वाटेने जातात. लोहाला पकडून धरणारे पदार्थ त्यांची मुळे मातीत सोडतात, हे जपानमध्ये ताकागी यांनी १९७६ मध्ये दाखवले. बार्लीच्या मुळांतून मिळालेल्या अशा आम्लाला जपानी ‘मुगी’ म्हणजे बार्ली या शब्दावरून म्युगिनिक आम्ल हे नाव मिळाले. रोमहेल्ड आणि मार्शनर यांनी १९८६ मध्ये या दोन मार्गांची जी विभागणी मांडली, तीच आजही पायाभूत मानली जाते.

रेणवीय उलगडा मात्र प्रामुख्याने आजारी रोपांमुळे झाला, आणि या इतिहासातला सर्वांत मोलाचा धागा मला हाच वाटतो. जॉर्ज बीडल यांनी १९२९ मध्ये मक्याच्या एका पिवळ्या पट्ट्यांच्या उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) वाणाचे वर्णन केले होते. त्याच्यात बिघडलेले जनुक म्युगिनिक आम्लासह लोह आत आणणाऱ्या वाहक प्रथिनाचे आहे, हे कळायला २००१ साल उजाडले. लोह आत घेऊ न शकणाऱ्या यीस्टमध्ये ॲराबिडॉप्सिस या लहानशा रोपाची जनुके घालून आयआरटी१ हा वाहक १९९६ मध्ये सापडला. टोमॅटोचे १९७१ पासून माहीत असलेले एक उत्परिवर्तित रोप तर लोहाच्या अभावाला प्रतिसादच देत नसे. त्याच्यातले सदोष जनुक २००२ मध्ये हाती आले, तेव्हा इतर जनुकांना चालना देणारे नियंत्रक प्रथम ओळखले गेले.

या नियंत्रकांवरही अंकुश असतो. भातातली एचआरझेड आणि ॲराबिडॉप्सिसमधले ब्रूटस ही प्रथिने स्वतः लोह बांधून ठेवतात आणि लोह पुरेसे असताना मुळांतला प्रतिसाद आवरून धरतात. त्यामुळे पेशीतल्या लोहाची जाणीव त्यांच्याकडेच असावी, असे मानले जाते. लोहाच्या अभावी तयार होणारी आयएमए ही पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्या, ब्रूटसला रोखतात आणि तो अंकुश सैल पडतो.

गवतांमध्येही सर्वांची ऐपत सारखी नाही: बार्ली म्युगिनिक आम्ले भरपूर सोडते, भात फारच कमी. म्हणूनच जपानी संशोधकांनी बार्लीतली ही आम्ले घडवणारी जनुके भातात घातली, आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात अल्कधर्मी मातीत त्या भाताने साध्या भाताच्या चौपटीहून थोडे अधिक धान्य दिले.