नॅसॉ काउंटी

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील, लाँग आयलंड बेटावरची एक उपनगरी काउंटी. पश्चिमेस न्यूयॉर्क शहरात मोडणारी क्वीन्स काउंटी, पूर्वेस सफक काउंटी, उत्तरेस लाँग आयलंड साउंड हा सागरी पट्टा आणि दक्षिणेस अटलांटिक महासागर. एकूण क्षेत्रफळ सु. १,१७३ चौ. किमी.; त्यात जमीन सु. ७३८ चौ. किमी. लोकसंख्या १३,९५,७७४ (२०२०). मिनिओला हे मुख्य ठाणे म्हणून सांगितले जाते. मात्र काउंटीचे न्यायालय व कचेऱ्या शेजारच्या गार्डन सिटीच्या हद्दीत असून टपालाचा पत्ता तेवढा मिनिओलाचा आहे.

भूवर्णन : काउंटीचा उंचसखलपणा हिमनद्यांनी वाहून आणलेल्या गाळातून घडला. बेटावर हिमोढांच्या (हिमनदीने रचलेल्या दगड-मातीच्या उंचवट्यांच्या) दोन रांगा आहेत : दक्षिणेकडची रॉन्कॉन्कोमा व उत्तरेकडची हार्बर हिल. त्या पश्चिमेकडे जवळजवळ येत लेक सक्सेसच्या परिसरात एकमेकींना मिळतात. जुन्या संदर्भग्रंथांत पहिली रांग बऱ्याच आधीच्या हिमयुगातली मानलेली आढळते. दोन्ही रांगा शेवटच्या हिमयुगाच्या उत्तरार्धातल्या, साधारणपणे वीसेक हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात, हे अलीकडचे मत अधिक ग्राह्य वाटते. हार्बर हिल रांगेच्या उत्तरेला किनारा खाड्यांनी चिरलेला असून त्यांच्यामधल्या भूशिरांना ‘नेक’ म्हणतात (ग्रेट नेक, काउ नेक इ.). दक्षिणेला वितळत्या बर्फाच्या पाण्याने पसरलेले वाळू-रेतीचे सपाट मैदान, पुढे खारफुटीविरहित दलदली आणि सर्वांत बाहेर लाँग बीच व जोन्स बीच ही वाळूची अडसर-बेटे आहेत. मध्यभागी हेम्पस्टेड प्लेन्स हा नैसर्गिक गवताळ प्रदेश होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ असा प्रदेश दुर्मीळच. आज त्याचे थोडेसे अवशेष जपून ठेवलेले आहेत.

काउंटीत मोठी नदी नाही. पिण्याचे पाणी जवळजवळ सर्वस्वी भूजलातून येते. वरचा हिमनदीय थर, त्याखालचा मगॉथी आणि सर्वांत खोल लॉइड असे जलधर (पाणी साठवणारे भूस्तर) एकाखाली एक आहेत. बहुतेक उपसा मगॉथीतून होतो. १९७८ मध्ये केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने नॅसॉ-सफकचे भूजल पिण्याच्या पाण्याचा ‘एकमेव स्रोत’ म्हणून घोषित केले. पावसाचे पाणी गटारावाटे समुद्रात न दवडता जमिनीत मुरवण्यासाठी वस्त्यांमध्ये जाळीचे कुंपण घातलेले खोल खड्डे खणलेले दिसतात. स्थानिक लोक त्यांना ‘संप’ म्हणतात. मैलापाण्याच्या बाबतीत मात्र उलटे झाले. घरोघरचे शोषखड्डे भूजल दूषित करत होते, म्हणून भुयारी गटारे घातली गेली आणि शुद्ध केलेले पाणी समुद्रात सोडले जाऊ लागले. त्यामुळे प्रदूषण घटले. पण भूजलाची पातळी खाली जाऊन दक्षिणेकडचे ओढेही रोडावले. बेथपेज येथे विमान-कारखाना व नौदलाच्या जागेतून झिरपलेल्या औद्योगिक द्रावकांचा भूमिगत लोट आहे. त्याच्या शुद्धीकरणाचे काम दीर्घकाळ चालू आहे.

इतिहास : येथील मूळ रहिवासी अल्गॉन्क्वियन भाषाकुलातले होते. लाँग आयलंडवर ‘तेरा जमाती’ होत्या, असे शालेय पुस्तकांत व फलकांवर अजूनही आढळते. मॅटिनेकॉक, मॅसापीक्वा, मेरिक, रॉकअवे ही त्यांतली नॅसॉमधली नावे. ती मुळात ठिकाणांची असून जमिनीच्या खरेदीखतांसाठी वसाहतकारांनी ती लोकसमूहांना चिकटवली असावीत, हे नंतरच्या अभ्यासकांचे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे.

फोर्ट नेक (आजचे मॅसापीक्वा) येथील हत्याकांडाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. कॅप्टन जॉन अंडरहिलने १६५३ मध्ये तेथील किल्ल्यावर हल्ला करून शंभराहून अधिक लोक मारले, ही कथा एकोणिसाव्या शतकातील स्थानिक इतिहासकारांनी रूढ केली. परंतु समकालीन डच वृत्तांतात मोहीम येते ती १६४४ ची, म्हणजे तेव्हाच्या डच वसाहतीचा गव्हर्नर कीफ्ट याच्या युद्धातली. तिच्यात दोन वस्त्यांवर हल्ला होऊन सु. १२० जण मारले गेले, आणि मोठ्या वस्तीचे नाव ‘मात्सेपे’ असे दिले आहे. हे मॅसापीक्वा की क्वीन्समधले मॅस्पेथ, यावर एकमत नाही. पुरातत्त्वाची साक्षही परंपरेच्या बाजूने झुकत नाही. १९३० च्या दशकात राल्फ सोलेकी यांनी (पुढे इराकमधील शानिदर गुहेच्या उत्खननाने ते जगप्रसिद्ध झाले) येथे उत्खनन केले, तेव्हा लाकडी तटाच्या चौकोनी किल्ल्याच्या खुणा, युरोपीय व्यापारी वस्तू आणि शिंपल्यांपासून ‘वॉम्पम’ मणी बनवताना उरलेला कचरा सापडला. त्यावरून ही जागा रणभूमीपेक्षा सतराव्या शतकाच्या मध्यावरचे मणी-निर्मितीचे व व्यापाराचे ठाणे असावी. १९९३ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदली गेली. हत्याकांड झालेच नाही, असा याचा अर्थ नव्हे. १६५३ हे साल व फोर्ट नेक हे ठिकाण मात्र जपूनच वापरावे.

हेम्पस्टेडची इंग्रज वसाहत डच राज्यातच वसली. १६४३ मध्ये जमीन खरेदी झाली, १६४४ मध्ये कीफ्टने सनद दिली. ऑयस्टर बेची वसाहत १६५३ ची. १६८३ मध्ये दोन्ही क्वीन्स काउंटीत गेली. स्वातंत्र्ययुद्धात हेम्पस्टेडचा दक्षिण भाग राजनिष्ठ, तर उत्तर भाग क्रांतिवाद्यांकडचा; त्या फुटीतून १७८४ मध्ये नॉर्थ हेम्पस्टेड वेगळे झाले. १८३७ मध्ये रेल्वे हिक्सव्हिलपर्यंत पोहोचली. १८६९ मध्ये न्यूयॉर्कचे व्यापारी अलेक्झांडर स्टुअर्ट यांनी हेम्पस्टेड प्लेन्समधली सु. ७,००० एकर सामाईक जमीन विकत घेऊन गार्डन सिटी वसवली.

नॅसॉचा जन्म वजाबाकीतून झाला. १ जानेवारी १८९८ रोजी क्वीन्सचा पश्चिम भाग बृहन्न्यूयॉर्क शहरात सामील झाला. हेम्पस्टेड, नॉर्थ हेम्पस्टेड व ऑयस्टर बे ही पूर्वेकडची तीन टाउन्स (तालुक्यासारखे विभाग) शहराबाहेर पण काउंटीत, अशी अधांतरी राहिली. त्याच महिन्यात मिनिओला येथे सभा भरली, एप्रिलमध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८९९ रोजी नवी काउंटी अस्तित्वात आली. नावासाठी मॅटिनेकॉक, नॉरफक, ब्रायंट, सॅगमोर यांचाही विचार झाला होता. नॅसॉ हे ऑरेंज-नॅसॉ घराण्यातील इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या स्मरणार्थ. १६९३ मध्ये वसाहतीच्या विधिमंडळाने अख्ख्या लाँग आयलंडलाच हे नाव दिले होते, पण लोकांच्या तोंडी ते कधी बसले नाही. न्यायालयाची कोनशिला १३ जुलै १९०० रोजी राज्याचे तत्कालीन गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट यांनी बसवली. ऑयस्टर बेजवळचे त्यांचे सॅगमोर हिल हे घर आता राष्ट्रीय स्मारक आहे.

२० मे १९२७ रोजी चार्ल्स लिंडबर्गने पॅरिसकडे उड्डाण केले ते येथील रूझवेल्ट फील्डवरून. त्या जागी आज मोठा मॉल आहे. उद्याने व रस्ते उभारणारे राज्याचे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांचे जोन्स बीच उद्यान १९२९ मध्ये खुले झाले. तिकडे जाणाऱ्या पार्कवेंवरचे (झाडीतून जाणाऱ्या मोटाररस्त्यांवरचे) पूल बस जाऊ नयेत म्हणून, पर्यायाने गरीब व कृष्णवर्णीय लोक येऊ नयेत म्हणून, ठेंगणे बांधले, असा समज रूढ आहे. पार्कवेंवर व्यावसायिक वाहनांना तशीही बंदी होती, असे दाखवून काही अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली आहे. बेथपेजच्या ग्रमन कारखान्यात अपोलो मोहिमांची चांद्रयाने बनली. लेक सक्सेस येथील स्पेरी कंपनीच्या युद्धकालीन कारखान्यात १९४६ ते १९५१ या काळात संयुक्त राष्ट्रांचे तात्पुरते मुख्यालय होते. काश्मीरवरील भारताची तक्रार जानेवारी १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेपुढे आली ती तेथेच.

१९४७ ते १९५१ या काळात लेव्हिट आणि सन्स कंपनीने बटाट्याच्या शेतांवर १७,४४७ घरे बांधली, तेच लेव्हिटाउन. घराला तळघर नाही; काँक्रीटच्या लादीतच गरम पाण्याच्या नळ्या घालून खोल्या उबदार ठेवलेल्या. सुरुवातीची घरे ७५० चौ. फुटांची, युद्धावरून परतलेल्या सैनिकांना महिना ६० डॉलर भाड्याने दिलेली. करारात गोऱ्यांखेरीज इतरांना राहण्यास मज्जाव करणारे कलम होते. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमे न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत असे ठरवले, तरी प्रथा टिकली व तिचे परिणाम वस्तीच्या नकाशावर दीर्घकाळ दिसत राहिले.

शासन : काउंटीत ३ टाउन्स, २ शहरे (ग्लेन कोव्ह, लाँग बीच) व ६४ व्हिलेजेस आहेत, शिवाय शाळा, पाणी, अग्निशमन यांचे स्वतंत्र कर-जिल्हे. येथे टाउन म्हणजे गाव नव्हे, आपल्याकडच्या तालुक्यासारखा विभाग. एकट्या हेम्पस्टेड टाउनमध्ये काउंटीची निम्म्याहून अधिक लोकवस्ती आहे. लेव्हिटाउनसारख्या मोठ्या वस्त्यांना स्वतःची नगरपालिकाच नाही.

पूर्वी कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळात सदस्यांची मते भारित असत. १९६४ च्या सुमारास हेम्पस्टेडच्या दोन सदस्यांना प्रत्येकी ३१, ऑयस्टर बेला २८, नॉर्थ हेम्पस्टेडला २१, लाँग बीच व ग्लेन कोव्हला प्रत्येकी २ अशी ११५ मते होती. बहुमताला ५८ लागत. ३१, ३१ व २८ यांपैकी कोणतेही दोन एकत्र आले की ठराव मंजूर. नॉर्थ हेम्पस्टेडची २१ मते एका ३१ ला जोडून दोन्ही शहरे मिळवली तरी बेरीज ५६. म्हणजे २५ मतांचे धनी असलेले तिघे कोणत्याही ठरावाचा निकाल कधीच फिरवू शकत नव्हते. जॉन बॅन्झाफ या वकिलाने १९६५ मध्ये हे दाखवून दिले, आणि त्यातून मतशक्ती मोजणारा ‘बॅन्झाफ निर्देशांक’ रूढ झाला. तीच कल्पना लायोनेल पेनरोज यांनी १९४६ मध्ये मांडली होती, त्यामुळे श्रेय दोघांना देणे उचित. प्रत्येक सदस्य इतरांशी सल्लामसलत न करता होकार किंवा नकार देतो, हे निर्देशांकाचे गृहीतक राजकारणात क्वचितच खरे ठरते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु मुळात शून्य असलेल्या शक्तीला तो लागू पडत नाही. राज्याच्या न्यायालयांनी सुधारित भारांना मान्यता दिली. १९९३ मध्ये संघीय न्यायालयाने मात्र ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. १९९६ पासून एकसदस्यीय मतदारसंघांतून निवडलेले १९ जणांचे विधिमंडळ काम पाहते. कार्यकारी प्रमुखाचे पद १९३८ पासूनचे आहे.

लोकसंख्या : १९०० मध्ये ५५,४४८ असलेली वस्ती १९४० मध्ये ४,०६,७४८, १९५० मध्ये ६,७२,७६५ आणि १९६० मध्ये १३,००,१७१ झाली. १९७० मध्ये ती सव्वाचौदा लाखांच्या वर गेली. मग मोकळी जमीन संपली, कुटुंबे लहान झाली, आणि १९९० पर्यंत आकडा १२,८७,३४८ वर उतरला. त्यानंतरची वाढ बव्हंशी स्थलांतरितांमुळे आहे. २०२० मध्ये हिस्पॅनिक सु. १८ टक्के व आशियाई सु. १२ टक्के होते. दक्षिण आशियाई वस्ती हिक्सव्हिल व न्यू हाइड पार्क भागात दाट असून हिक्सव्हिलच्या ब्रॉडवेवर भारतीय वाणसामानाची, कपड्यांची व मिठाईची दुकाने आहेत. दक्षिण किनाऱ्यावरील वस्त्यांना २९ ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळाचा मोठा फटका बसला. लाँग बीचचा लाकडी बोर्डवॉक उद्ध्वस्त झाला व पुढच्या वर्षी नव्याने बांधला गेला.