मेंदूचा मुका मार: रिपोर्ट नॉर्मल, मग डोकं का दुखतंय?

डोक्याला जोरात फटका बसला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, एक उलटी झाली, सीटी स्कॅन काढला तर रिपोर्ट एकदम नॉर्मल. घरी पाठवतात. आणि मग पुढचे तीन आठवडे डोकं ठणकतंय, लाईट सहन होत नाही, चार ओळी वाचल्या की पहिली विसरायला होते, आणि घरचे म्हणतात अरे रिपोर्टमध्ये काहीच नाहीये ना. मराठीत मुका मार म्हणतात तसाच हा मेंदूचा मुका मार. डॉक्टरी भाषेत माइल्ड ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी, बोलताना कन्कशन. जे डोळ्यांना दिसतच नाही ते झालंय हे सांगायचं कसं, ह्याच्या रिसर्चचा सगळा इतिहास ह्याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

कवटी न फुटताही मेंदूचं काम बिघडू शकतं हे हजारेक वर्षांपूर्वी अल-राझी ह्या इराणी वैद्याने ओळखलं होतं. पण जास्त गाजली ती 1705 सालची पॅरिसची केस. एका कैद्याने भिंतीवर डोकं आपटून जीव दिला, अलेक्सी लित्र नावाच्या डॉक्टरने कवटी उघडून पाहिली तर मेंदूत डोळ्यांना दिसेल असं काहीच सापडलं नाही. (आता मेलेल्या माणसाची केस माइल्डमध्ये कशी बसणार हा प्रश्न मलाही पडतो, पण मेंदू नुसता हादरतो, त्याला इजा होत नाही ही समजूत अशाच केसेसमुळे पक्की झाली.)

मग रेल्वे आली, अपघात आले, नुकसानभरपाईचे खटले आले. 1866 मध्ये जॉन एरिकसन ह्या लंडनच्या सर्जनने अपघातातून वरवर धडधाकट सुटलेल्या पण नंतर महिनोन्‌महिने त्रास काढणाऱ्या प्रवाशांबद्दल लिहिलं आणि लगेच वाद पेटला की हे खरंच आजारी आहेत की पैशांसाठी सोंग करतायत. 1915 मध्ये शेल शॉकवरून, म्हणजे पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या धमाक्यांनंतर सैनिकांना होणाऱ्या त्रासावरून, पुन्हा तेच. हा सोंगाचा संशय अजूनही पूर्ण गेलेला नाही असं माझं मत आहे.

खरी गंमत 1940 च्या दशकात झाली. डेनी-ब्राउन आणि रिची रसेल ह्या डॉक्टरांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की डोकं हलायला मोकळं असेल तर कन्कशन पटकन होतं, घट्ट धरून ठेवलं तर तेवढ्याच फटक्याने होत नाही. मग 1943 मध्ये ऑक्सफर्डच्या होलबर्न नावाच्या फिजिसिस्टने, म्हणजे डॉक्टर नसलेल्या माणसाने, मेणाच्या कवटीत जिलेटिन भरून ती झटक्याने फिरवून पाहिली. त्याचं म्हणणं असं की मेंदू दाबला तर आकसत नाही पण पिळला तर लगेच ताणला जातो, त्यामुळे सरळ धक्क्यापेक्षा डोकं गर्रकन फिरणं जास्त वाईट. म्हणूनच तर डोकं कुठे न आपटता नुसत्या जोरदार हिसक्यानेही कन्कशन होऊ शकतं. पुढे 1968 मध्ये ओपनहायमर नावाच्या पॅथॉलॉजिस्टने (अणुबॉम्बवाला नव्हे), किरकोळ मार लागलेल्या पण दुसऱ्याच कारणाने वारलेल्या काही लोकांच्या मेंदूत मायक्रोस्कोपखाली तुटलेले मज्जातंतू दाखवले, म्हणजे नुसतं हादरणं वगैरे नव्हतंच ते.

1971 मध्ये सीटी स्कॅन आला, 1974 मध्ये ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे ह्याला मार्क द्यायची पद्धत. दोन्ही जबरदस्त शोध, लाखो जीव वाचले असतील, पण दोन्ही गंभीर पेशंटसाठी होते आणि माइल्ड म्हणजे उरलेले सगळे असं होऊन बसलं. स्केल 3 ते 15, त्यात 13 ते 15 म्हणजे माइल्ड. पेशंट डोळे उघडतो, नीट बोलतो, सांगितलं तसं हात हलवतो, झाले 15 पैकी 15, पण तो विचार करताना किती अडखळतोय हे त्यात कुठेच येत नाही. ते पकडलं त्याच वर्षी ऑकलंडमध्ये ग्रोनवॉल आणि राइटसन ह्यांनी, एका साध्या टेस्टने. टेपवर एकेक आकडा येतो आणि प्रत्येक नवा आकडा त्याच्या आधीच्या आकड्यात मिळवायचा. 3, 8 आले, म्हणा 11. मग 5 आला, तर उत्तर 16 नाही, 13, कारण 8 अधिक 5. घरी करून बघा, धडधाकट माणसाचीही त्रेधा उडते. बरेच दिवस त्रास होत असलेल्या पेशंटचा वेग ह्यात खरंच कमी निघाला, सोंग नव्हतं.

1993 मध्ये माइल्डची एक व्याख्या ठरली: बेशुद्धी 30 मिनिटांपेक्षा जास्त नाही, आठवणीतला गोंधळ 24 तासांपेक्षा जास्त नाही. बेशुद्ध व्हायलाच पाहिजे असं नाही, हे बऱ्याच जणांना आजही माहीत नसतं. कॅनडाचा 2001 चा सीटीचा नियम पण नीट समजून घ्या, तो कुणाचा स्कॅन काढायचा हे ठरवतो, ऑपरेशन लागेल असा रक्तस्राव सुटू नये म्हणून. स्कॅन क्लीन म्हणजे कन्कशन नाही असं तो कधीच म्हणत नाही.

लक्षणं उशिरा येतात ह्याचं उदाहरण क्रिकेटवाल्यांनी लाइव्ह पाहिलंय. ऑगस्ट 2019, लॉर्ड्स, आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला, कन्कशनच्या तपासणीत तो पास झाला, परत येऊन खेळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास सुरू. त्याच्या जागी लाबुशेन, टेस्ट क्रिकेटमधला पहिला कन्कशन सब्स्टिट्यूट, म्हणजे कन्कशनमुळे घेतलेला बदली खेळाडू.

ट्रीटमेंट तर उलटीच झाली. आधी सल्ला असायचा अंधाऱ्या खोलीत पडून राहा. 2015 च्या एका ट्रायलमध्ये पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्या मुलांनी एक-दोन दिवस घेतलेल्यांपेक्षा जास्त लक्षणं सांगितली. 2019 मध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या रिसर्च टीमने टीनएज खेळाडूंना पहिल्या आठवड्यातच, लक्षणं वाढणार नाहीत एवढा हलका एरोबिक व्यायाम दिला, ते साधारण 13 दिवसांत बरे झाले, नुसतं स्ट्रेचिंग करणारे 17 दिवसांत. खेळात परत उतरायची घाई मात्र आजही नाहीच, बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला तर महागात पडतं.

2018 मध्ये अमेरिकेत जीएफएपी आणि यूसीएच-एल1 ह्या दोन प्रोटीन्सच्या रक्तचाचणीला मंजुरी मिळाली, पण तीसुद्धा सीटी लागेल का एवढंच सांगायला. आणि 2025 मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने नवीन पद्धत सुचवली, स्केलसोबत रक्तातले मार्कर (इजा दाखवणारी अशी प्रोटीन्स), स्कॅन आणि पेशंटची बाकी परिस्थिती असं सगळं एकत्र बघायचं, आणि माइल्ड हा शब्दच हळूहळू बाजूला ठेवायचा.