हवाईच्या शेळ्यांच्या पोटातलं विरजण

सुबाभळीचा पाला शेळ्यांना घालायचा तर हात राखून घाला, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नका, असं पशुवैद्यक सांगतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंच्या ‘बायफ’ संस्थेने हवाईकडच्या उंच वाढणाऱ्या सुबाभळीचा महाराष्ट्रात मोठा प्रसार केला. मुरमाड माळावरही तग धरणारं झाड, उन्हाळ्यातही हिरवं, आणि पाल्यात वीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं. दुष्काळी भागातल्या शेळीपालकाला आणखी काय हवं? पण नुसत्या सुबाभळीवर ठेवलेलं जनावर काही आठवड्यांत लाळ गाळायला लागतं, अंगावरचे केस जातात, खाणं मंदावतं, आणि पुढे गळ्याशी थायरॉइडची गाठ फुगते.

याला कारण मिमोसिन नावाचं अमिनो आम्ल. ते आधी लाजाळूत सापडलं, म्हणून लाजाळूच्या ‘मिमोसा’ या शास्त्रीय नावावरून त्याचं बारसं झालं. सुबाभळीत, विशेषतः कोवळ्या शेंड्यांत आणि बियांत, ते भरपूर असतं. ते पेशींचं विभाजन रोखतं, आणि केसांच्या मुळाशी विभाजन सतत चालू असल्यामुळे पहिला फटका तिथेच बसतो. घोड्याने सुबाभूळ खाल्ली तर आयाळ आणि शेपूट झडते. ऑस्ट्रेलियात तर मिमोसिन देऊन मेंढ्यांची लोकर कात्रीशिवाय उतरवता येईल का, याचेही प्रयोग झाले होते!

रवंथ करणाऱ्या जनावरांत गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. गाई-शेळ्यांच्या कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जिवाणू मिमोसिनचे तुकडे करतात, त्यामुळे केस गळणं पुष्कळसं टळतं. मात्र त्या मोडतोडीतून डीएचपी हा पदार्थ तयार होतो, आणि तो थायरॉइडला आयोडीन वापरू देत नाही. थायरॉक्सिन हे थायरॉइडचं संप्रेरक घटतं, चयापचय मंदावतो, वजन वाढत नाही. म्हणजे जिवाणूंनी एक विष काढलं आणि दुसरं हातात ठेवलं.

क्वीन्सलँडमध्ये टाउन्सव्हिलला सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत रेमंड जोन्स सुबाभळीवर काम करत होते. ऑस्ट्रेलियातली जनावरं सुबाभळीवर आजारी पडत होती, आणि हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला मनसोक्त खाऊन धडधाकट होत्या. झाड तेच, पाल्यातलं मिमोसिनही तेच. जोन्स यांनी शेळ्यांच्या लघवीची तपासणी केली. ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या लघवीत डीएचपी भरपूर होतं, हवाईच्या शेळ्यांच्या लघवीत जवळजवळ नव्हतंच. मग ते जात कुठे होतं? हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटात ते खाऊन टाकणारं कुणीतरी असणार, असा तर्क त्यांनी 1981 मध्ये मांडला.

तो पडताळायची रीत आपल्याकडे दही लावणाऱ्या कुणालाही कळेल. विरजण आणून घालायचं. आधी इंडोनेशियातल्या आणि मग हवाईतल्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना देण्यात आले. या जिवाणूंना हवा सोसत नाही, म्हणून सगळं काम ऑक्सिजन लागू न देता करावं लागलं. त्यानंतर त्या जनावरांच्या लघवीतलं डीएचपी उतरलं, आणि नुसत्या सुबाभळीवरही ती तगू लागली. काही गाईंना पाजलं की उरलेल्या कळपात ते आपोआप पसरतं, हेही लक्षात आलं. आज क्वीन्सलँडचे पशुपालक हे विरजण गोठवलेल्या बाटलीतून विकत घेतात. सगळीकडे ते कायमचं टिकतं असं मात्र नाही. पुढच्या पाहण्यांत तिथल्या बऱ्याच कळपांच्या लघवीत पुन्हा डीएचपी सापडलं.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मिल्टन अ‍ॅलिसन आणि सहकाऱ्यांनी हा जिवाणू वेगळा करून 1992 मध्ये त्याचं ‘सिनर्जिस्टिस जोन्सी’ असं नामकरण केलं. स्वभावाने तो विक्षिप्तच. कोटीपोटात चारा कुजवून त्यातली साखर वापरणाऱ्यांची झुंबड असते, आणि हा साखरेला तोंडच लावत नाही. काही अमिनो आम्लं आणि डीएचपी यांवर त्याचं भागतं. सुबाभूळ मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. तिचं बी ऑस्ट्रेलियात पोहोचलं, तिचं विष पचवणारा मागेच राहिला.

पाला अन्न ठरणार की विष, हे एकट्या पाल्यावर ठरत नाही, हे मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. म्हणूनच ‘चांगले जिवाणू वाढवा’ छापाच्या जाहिराती मला पोकळ वाटतात. कोणता जिवाणू नेमकं कोणतं काम करतो, ते सांगा की!

माणसाच्या पोटातही असे एककल्ली कामगार आहेत. अ‍ॅलिसन यांच्याच गटाने 1985 मध्ये ‘ऑक्सॅलोबॅक्टर’ची नोंद केली. अळू आणि पालकातल्या ऑक्झॅलेटवरच तो जगतो, आणि मूत्रपिंडातले बहुतेक खडे ऑक्झॅलेटचेच असतात. हा जिवाणू बाळगणाऱ्यांना खडे कमी होतात, असं काही अभ्यासांत दिसलं. तो औषध म्हणून देऊन पाहिला तेव्हा मात्र अपेक्षित गुण आला नाही. शेळीला जमलं ते माणसाला इतक्या सहज जमत नाही.

कधी हा कामगार औषधावरच हात मारतो. हृदयविकारात देतात ती डिगॉक्सिनची गोळी ‘एगर्थेला लेंटा’ हा आतड्यातला जिवाणू निष्प्रभ करतो, तेही काही जणांतच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांचा सहभाग असलेल्या 1989 च्या अभ्यासात दक्षिण भारतातल्या सुमारे 14 टक्के लोकांत हे घडताना दिसलं, न्यूयॉर्ककरांत 36 टक्क्यांत. अशा रुग्णाला डोस वाढवून द्यावा लागू शकतो. पण त्याला एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन दिलं, की जिवाणू मरतात, तीच गोळी अचानक पूर्ण लागू पडायला लागते आणि रक्तातली पातळी धोक्याच्या रेषेकडे चढते. डिगॉक्सिन चालू असेल, तर अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर ते आधीच घालावं.