बोन मॅरो तपासणी: मोटर काय करते आणि काय करत नाही

“उद्या बोन मॅरो करून घेऊ,” असं डॉक्टर सांगतात तेव्हा त्या एका वाक्यात बहुतेक वेळा दोन तपासण्या असतात. एक अ‍ॅस्पिरेशन: हाडाच्या आतली मज्जा सिरिंजने ओढून घेणं. दुसरी बायोप्सी: मज्जेसकट हाडाचा बारीक, लांबट तुकडा काढणं. दोन्ही एकाच बैठकीत, त्वचेवरच्या एकाच छेदातून होतात, त्यामुळे झोपलेल्या माणसाला तो एकच प्रकार वाटतो. त्यात आता बॅटरीवर चालणारं यंत्र आलं आणि दोन नव्या समजुती तयार झाल्या. “मशीनने केलं की दुखत नाही” ही एक, आणि “हाडात ड्रिल घालणार?” ही दुसरी.

दोन्ही समजुती एकाच जागी घसरतात. या तपासणीतला नेमका कोणता भाग मोटर करते, हे कुणी विचारतच नाही. मोटर हाड भेदते. मज्जा ओढायचं काम यंत्र वापरलं तरी हाताने, साध्या सिरिंजनेच होतं. एवढं लक्षात राहिलं की बाकीचे बरेच प्रश्न सोपे होतात. पण त्यासाठी आधी दोन तपासण्या वेगळ्या करून पाहायला हव्यात.

जागेबद्दल एक खुलासा आधी करतो, कारण भीती तिथूनच सुरू होते. मोठ्या माणसांत ही सुई कमरेच्या हाडाच्या मागच्या उंचवट्यात घालतात. रुग्ण कुशीवर किंवा पालथा असतो, म्हणून “पाठीत सुई घातली” असं घरी सांगितलं जातं. पण हा मणका नाही. पाठीतून पाणी काढणं ही पूर्णपणे वेगळी तपासणी आहे, आणि बोन मॅरोची सुई मज्जारज्जूच्या वाटेला जात नाही.

आता अ‍ॅस्पिरेशन. हाडाचं बाहेरचं कवच टणक असतं, आत बारीक जाळी असते आणि त्या जाळीत मज्जा. सुई कवच ओलांडून आत गेली की सुईच्या पोकळीतली सळई काढतात, सिरिंज जोडतात आणि दट्ट्या झटकन मागे ओढतात. पहिल्या ओढीत जेमतेम अर्धा ते एक मिलिलिटर घ्यायचं असतं. जास्त ओढलं तर मज्जेऐवजी शिरांमधलं रक्त येऊ लागतं आणि नमुना पातळ होतो. म्हणून स्लाइडसाठी पहिली ओढ राखून ठेवतात. फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा यंत्राने ओळखणारी तपासणी), गुणसूत्रं आणि जनुकांच्या तपासण्यांसाठी नंतरच्या ओढी घेतात, आणि त्या वेगवेगळ्या नळ्यांत भरतात. नमुना चांगला आला की नाही, हे तिथल्या तिथे कळतं. काचेवर थेंब पसरला की त्यात मज्जेचे बारीक कण दिसायला हवेत. कण नसतील तर ते बरंचसं नुसतं रक्त आहे.

या पसरलेल्या थेंबात पेशी सुट्या सुट्या, टवटवीत दिसतात. केंद्रक कसं आहे, पेशी पक्व आहे की कच्ची, लोहाचा साठा आहे का, हे इथे उत्तम कळतं. तीव्र ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) निदानात कच्च्या पेशींचं प्रमाण मोजावं लागतं आणि बहुतेक प्रकारांत २० टक्क्यांची रेषा महत्त्वाची ठरते. ती मोजणी मुख्यतः याच स्लाइडवर, साधारण ५०० पेशी मोजून करतात.

कळत नाही ती रचना. बोअरच्या पाण्याची तपासणी केली तर पाण्यात काय विरघळलंय ते समजतं. खाली मुरूम किती फुटांपर्यंत आणि कातळ कुठे, हे मात्र बोअरमधून निघालेल्या माती-दगडावरूनच सांगता येतं. बायोप्सी म्हणजे तो माती-दगड. दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा अखंड बाहेर येतो आणि त्यात मज्जा तिच्या जागेवर असते. पेशी किती दाट आहेत, चरबी किती, तंतूंचं जाळं वाढलंय का, लिम्फोमाच्या (लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) किंवा दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाच्या पेशींचा एखाद्या कोपऱ्यात पुंजका आहे का, हे तुकड्याशिवाय सांगणं अवघड. पेशींच्या दाटपणासाठी पॅथॉलॉजिस्ट एक ढोबळ हिशेब वापरतात: १०० मधून वय वजा करा, साधारण तितके टक्के. सत्तरीच्या माणसात ३० टक्के हे म्हणून चिंतेचं नसतं. विशीतल्या मुलात तेच चिंतेचं असतं.

काही आजारांत तर मज्जा ओढून येतच नाही. मायलोफायब्रोसिसमध्ये ती तंतूंनी जखडलेली असते, हेअरी सेल ल्युकेमियातही असं होतं. सिरिंज ओढली की रिकामी. याला ड्राय टॅप म्हणतात. पुष्कळ नातेवाइकांना वाटतं की डॉक्टरांना जमलं नाही. कधी ते खरंही असतं, पण अनेकदा ड्राय टॅप हीच आजाराची पहिली खूण असते. अशा वेळी काढलेला तुकडा काचेवर हलकेच टेकवून किंवा फिरवून त्याचे ठसे घेतात, म्हणजे थोड्या पेशी तरी सुट्या पाहायला मिळतात.

दोन्ही तपासण्यांचा इतिहासही वेगळा आहे. १९२०च्या दशकात लेनिनग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) डॉक्टर मिखाईल अरिंकिन यांनी छातीच्या मधल्या हाडातून सुईने मज्जा ओढायला सुरुवात केली आणि अ‍ॅस्पिरेशन नित्याचं झालं. (छातीच्या हाडातून आजही क्वचित अ‍ॅस्पिरेशन करतात, बायोप्सी मात्र नाही. ते हाड पातळ आहे आणि त्याच्या मागे हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत.) तुकडा न चिरडता काढणं हे जास्त कठीण काम होतं. १९७१ मध्ये खोस्रो जमशिदी यांनी टोकाला निमुळती होत जाणारी सुई आणली. टोकाचं तोंड नळीपेक्षा अरुंद असल्यामुळे कापलेला तुकडा आत मोकळा सरकतो, कडेला घासून त्याचा चुरा होत नाही. आज हाताने बायोप्सी करताना वापरतात ती सुई याच घराण्यातली. प्रौढांत ११ गेज नेहमीचा, म्हणजे बाहेरून सुमारे ३ मिलिमीटर जाड. गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते.

हाताची पद्धत म्हणजे शुद्ध कसब आणि ताकद. डॉक्टर सुईची मूठ तळहातात धरतात, शरीराचा भार देतात आणि सुई डावी-उजवी वळवत हाडात नेतात. कवच ओलांडलं की अवरोध एकदम कमी झाल्याचं हाताला जाणवतं. बायोप्सीत मग सळई काढून सुई आणखी दोन-तीन सेंटिमीटर तशीच वळवत न्यायची, आणि शेवटी गोल फिरवून, किंचित हलवून तुकडा मुळापासून तोडायचा. तो तुटला नाही तर सुई बाहेर येते आणि तुकडा आतच राहतो. तरुण, कणखर हाडाच्या माणसात किंवा हाड घट्ट करणाऱ्या आजारात यात डॉक्टरला घाम फुटतो. आणि इथेच एक गोष्ट घडते जी कुणी कबूल करत नाही: हात थकला की बायोप्सी आखूड निघते, आणि “एवढ्यात भागेल” असं म्हटलं जातं.

मोटर आली ती नेमकी या दुखण्यावर. हातात मावेल असं बॅटरीचं यंत्र, त्याला निर्जंतुक पिशवीचं आवरण, पुढे एकदाच वापरायची सुई. खटका दाबला की सुई फिरते, दाब हलका ठेवायचा असतो. यातलं सर्वांत परिचित नाव ऑनकंट्रोल. ते टेक्सासमधल्या विडाकेअर कंपनीने काढलं, आणि ती कंपनी २०१३ मध्ये टेलिफ्लेक्सने घेतली. त्याच घरातलं दिसायला जवळजवळ तसंच दुसरं यंत्र आहे, ईझेड-आयओ. अत्यवस्थ रुग्णाची शीर सापडत नसेल तेव्हा हाडात सुई बसवून त्यातून सलाइन आणि औषधं द्यायला ते वापरतात. एकाचं काम आत घालायचं, दुसऱ्याचं बाहेर काढायचं. सुया वेगळ्या, त्यांची लांबी आणि रचना वेगळी. इंटरनेटवर या दोघांचे व्हिडिओ सर्रास एकमेकांच्या नावाने फिरतात, तेव्हा गुडघ्याखाली किंवा खांद्यात सुई घालताना दिसली की ती बोन मॅरोची तपासणी नाही असं समजायला हरकत नाही. (तान्ह्या बाळांचा अपवाद. त्यांच्या पायाच्या नडगीतून मज्जा काढतात.)

मग मोटरने फरक किती पडतो? २०११ पासूनच्या तुलनात्मक चाचण्यांत एक निष्कर्ष पुन्हा पुन्हा आला: मोटरने काढलेला तुकडा सरासरीने लांब असतो. काही चाचण्यांत वेळही वाचला. वेदनेच्या बाबतीत मात्र निकाल संमिश्र आहेत. काहींत दुखणं कमी आढळलं, काहींत फरक ठळक नव्हता.

हा संमिश्रपणा मला अजिबात आश्चर्याचा वाटत नाही. वेदना तीन जागी होते आणि मोटर त्यातल्या एकाच जागेशी संबंधित आहे. पहिली, भुलीचं इंजेक्शन. त्वचेत आणि हाडावरच्या पातळ आवरणात औषध सोडताना जळजळतं. दुसरी, हाड भेदताना येणारा दाब आणि धक्के. तिसरी आणि बहुतेकांना सर्वांत जास्त लक्षात राहणारी, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढतानाची. ती कळ काही सेकंदांचीच असते, पण कमरेपासून पायात झणकन जाते. हाडावरच्या आवरणाला भूल देता येते, हाडाच्या आतल्या पोकळीला ती पोचत नाही, आणि ओढ लागते ती आतच. मोटर दुसऱ्या जागेचा वेळ कमी करते. तिसऱ्या जागेला ती हातही लावत नाही. म्हणजे ज्याला फक्त अ‍ॅस्पिरेशन करायचं आहे, त्याला “मशीन आहे, दुखणार नाही” असं सांगणं ही चक्क दिशाभूल आहे. त्याच्या वेदनेवर यंत्रापेक्षा तीन गोष्टींचा परिणाम जास्त: भूल दिल्यावर डॉक्टर पुरेसे थांबले का, ओढण्याआधी “आता कळ येईल” असं सांगितलं का, आणि गरज असेल तर गुंगीचं औषध दिलं का.

बायोप्सीत हिशेब बदलतो. तिथे भेदणं हाच मोठा भाग असतो, त्यामुळे मोटरचा उपयोग खरा आहे. कणखर हाड, जाड शरीर, पूर्वी आखूड तुकडा निघाल्यामुळे पुन्हा करावी लागणारी बायोप्सी, किंवा दिवसभरात एकामागून एक तपासण्या करणारा विभाग, इथे मी डोळे झाकून मोटरच्या बाजूने असेन. उलट टोकाला आहेत ठिसूळ हाडांचे वयस्कर रुग्ण. त्यांच्या हाडात अवरोधच कमी असतो. हाताला जाणवणारा तो “आत गेलो” क्षण मोटरच्या थरथरीत पुसट होतो आणि सुई हवी त्यापेक्षा खोल जाऊ शकते. सराव असलेले डॉक्टर अशा वेळी कवच ओलांडताच खटका सोडतात, किंवा सरळ हाताचीच सुई घेतात. आवाजाचाही प्रश्न आहे. यंत्राची घरघर ऐकून भुलीखालचा माणूस आखडतो. ती आधी एकदा हवेत चालवून ऐकवली तर निम्मी भीती कमी होते, आणि याला खर्च शून्य.

मोटरने काढलेला लांब तुकडा आपोआप चांगला असतो असंही नाही. तो चिरडलेला असेल, किंवा आधी जिथून मज्जा ओढली नेमक्या त्याच भोकातून काढला असेल, तर त्यात रक्त साठलेलं आणि पेशी ओढल्या गेलेल्या दिसतात. म्हणून अ‍ॅस्पिरेशन झाल्यावर त्वचेवरचा छेद तोच ठेवून हाडावरची जागा थोडी सरकवतात. हा नियम दोन्ही पद्धतींना सारखाच लागू आहे, पण यंत्राच्या वेगात तो विसरला जाण्याची शक्यता जास्त.

धोक्याचं म्हणाल तर पद्धत कोणतीही असो, गंभीर गुंतागुंत विरळ. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००१ या काळातल्या अंदाजे ५५ हजार तपासण्यांचा आढावा घेतला गेला, त्यात २६ गंभीर घटना नोंदल्या होत्या. सर्वांत जास्त घटना रक्तस्रावाच्या. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगायलाच हवं, आणि कोणती गोळी कधी थांबवायची की थांबवायचीच नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. तपासणीनंतर त्या जागेवर दाबून धरतात आणि काही वेळ पाठीवर झोपवतात, ते याचसाठी.

राहिला रिपोर्टचा घोळ. अ‍ॅस्पिरेशनची स्लाइड रंगवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाहता येते. बायोप्सीचा तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरतो, मग हाडातलं कॅल्शियम काढावं लागतं, तेव्हा कुठे त्याचे पातळ काप होतात. त्याला काही दिवस जातात आणि विशेष रंग किंवा प्रतिपिंडांच्या चाचण्या लागल्या तर आणखी. तुकडा मोटरने काढला म्हणून यातलं काही लवकर होत नाही. मधल्या काळात हातात आलेला पहिला कागद “विशेष काही आढळलं नाही” म्हणतो आणि नंतरचा लिम्फोमाचे पुंजके दाखवतो, तेव्हा लॅबने चूक केली असा निष्कर्ष घाईचा ठरतो. मायलोमातही (प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात) स्लाइडवर प्लाझ्मा पेशी कमी आणि तुकड्यात जास्त दिसणं नेहमीचं आहे. पहिल्या कागदावर “नमुना रक्ताने पातळ झालेला” किंवा “कण नाहीत” असा शेरा असेल, तर त्यातल्या टक्केवारीवर फार भिस्त न ठेवता बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहावी.