सैनिकी शाळेचं मंडळ बदललं म्हणजे नेमकं काय बदललं? थोडं मागं जाऊन

सोलापुरात विजापूर रोडवरच्या माझ्या एका मित्राचा पोरगा सैनिकी शाळेत आहे, निवासी, सातवीला. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याला सोडायला गेला तर फीच्या पावतीवर सचिव म्हणून वेगळीच सही, आणि ऑफिसबाहेरच्या बोर्डवर अध्यक्षांच्या नावावर कागद चिकटवलेला. तिथूनच मला फोन, "काय बे, शाळा मिलिटरीची ना, मग हे सचिव-बिचिव मधी कुठनं आले?" शाळेचं नाव घेत नाही, कारण असं कुठल्याही शाळेत होऊ शकतं. पण प्रश्न बरोबर होता, आणि दोन मिनिटात उत्तर देता येईना.

पहिला घोळ नावातच आहे. "सैनिक स्कूल" वेगळं आणि "सैनिकी शाळा" वेगळी. सोलापुरात दहातली आठ माणसं दोन्ही एकच धरतात, ड्रेस सारखा, परेड सारखी, केस सारखेच बारीक, फरक कळणार कसा. पण वर बसलेलं मंडळ, म्हणजे शाळेचा कारभार बघणारी माणसं, बघितलं की सगळा फरक कळतो.

सैनिक स्कूल म्हणजे दिल्लीच्या सैनिक स्कूल्स सोसायटीचं, ही सोसायटी संरक्षण मंत्रालयाखाली. पहिलं सुरू झालं ते आपल्या साताऱ्यात, २३ जून १९६१. संरक्षणमंत्री होते व्ही. के. कृष्ण मेनन आणि इकडे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. अधिकारी ठराविक भागातनं आणि ठराविक घरातनंच येतात, बाकीच्या राज्यांतली साधी पोरं एनडीएपर्यंत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीपर्यंत, पोचतच नाहीत, ते बदलायचं म्हणून ही योजना. जमीन, इमारत, स्कॉलरशिप राज्यानं द्यायची, प्राचार्य वगैरे अधिकारी सैन्यदलातले. सोसायटीच्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्सचे अध्यक्ष थेट संरक्षणमंत्री, आणि प्रत्येक शाळेला खाली एक लोकल बोर्ड, त्याच्या अध्यक्षपदी वरिष्ठ लष्करी अधिकारी. आता इथं मंडळ बदलतं कधी? तर बदली झाली, रिटायर झाले, सरकार बदललं की. जुना साहेब गेला, नवा आला, पोरांनी एकदा सलामी दिली, विषय संपला. मंडळ बदललं हे पालकांना कळतसुद्धा नाही.

(सोलापूरकरांची गंमत म्हणजे सातारा लांब आणि विजापूरचं सैनिक स्कूल शंभरेक किलोमीटरवर, १९६३ चं. पण ते कर्नाटकात, आणि ६७ टक्के जागा त्या-त्या राज्याच्या पोरांना, म्हणजे जवळच्या शाळेत आपण बाहेरचे. असो.)

सैनिकी शाळांची गोष्ट मात्र याच्याही आधीची आहे आणि ती सरकारनं सुरू केलेली नाही, संस्थांनी केलेली आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली पुण्यात अखिल भारतीय श्री शिवाजी मेमोरियल सोसायटी काढली, तिची श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल १९३२ ची. मागं कोल्हापूरसारख्या संस्थानांचं पाठबळ, त्यामुळं कारभारात राजघराण्यांचा शब्द. नाशिकला डॉ. मुंजे यांनी आधी १९३५ साली सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी काढली आणि मग १९३७ ला भोसला मिलिटरी स्कूल. म्हणजे आधी संस्था आणि मग शाळा, हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्यांनी पैसा उभा केला, जमीन मिळवली, त्यांचं मंडळ, आणि शाळा त्या मंडळाची. मुंजे १९४८ ला गेले तरी शाळा चालू राहिली ती संस्था होती म्हणून.

तसं बघितलं तर सोलापूरला लष्कर नवीन नाही, सदर बझारला लागून लष्कर नावाची वस्तीच आहे आणि १९३० च्या मार्शल लॉच्या गोष्टी घरोघरी सांगतात. पण ते लष्कर पोरांना शिकवायला आलेलं नव्हतं.

आता माझ्या मित्राच्या शाळेकडं येऊ. १९९५ ला राज्यात युतीचं सरकार आलं आणि प्रत्येक जिल्ह्यात एक सैनिकी शाळा असं धोरण ठरलं. कल्पना चांगली होती. पण सरकारनं स्वतः शाळा काढल्या नाहीत, खाजगी संस्थांना परवानगी दिली, शिक्षकांच्या पगाराला अनुदान दिलं. मग ज्यांच्याकडं माळरानावर दहा-वीस एकर होते, शिक्षणसंस्था आधीच होती आणि मुंबईत ओळख होती, ते पुढं आले. त्यात खरंच तळमळीची माणसं होती, नाही म्हणत नाही. पण मंडळ बघाल तर अध्यक्ष, त्यांचा भाऊ, साडू, एक वकील, गावातला एक डॉक्टर, आणि शोभेला एक रिटायर सुभेदार. कमांडंट माजी सैनिक, पण तो नोकर, मंडळात त्याचं मत नाही. माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ इथंच आहे. शिस्त सांगणारा माणूस एक आणि चेकवर सही करणारा दुसरा.

आणि धोरण येऊन आता तीस वर्षं झाली. म्हणजे ज्यांनी संस्था काढली ते सत्तरी-ऐंशीत, किंवा गेले, आणि आता मुलगा विरुद्ध पुतण्या, नाहीतर जुने आजीव सदस्य विरुद्ध नवे. तुमच्या ओळखीत एखादी संस्था असेल तर हे मी वेगळं सांगायला नको.

कायद्यानं हे बदल कसे होतात ते माहीत पाहिजे. अशा संस्था बहुतेक वेळा दोन कायद्यांखाली नोंदलेल्या असतात, १८६० चा सोसायटी रजिस्ट्रेशन ॲक्ट आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, ज्याला आधी बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्ट म्हणायचे. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, निवडणूक झाली, काहीही झालं तरी कलम २२ खाली ९० दिवसात धर्मादाय कार्यालयात, म्हणजे अशा संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, चेंज रिपोर्ट द्यायचा. सोबत सभेची नोटीस, ती पोचल्याच्या पोचपावत्या, प्रोसिडिंगची नक्कल, नव्यांची संमतीपत्रं. चौकशी होऊन मंजूर झाला की शेड्यूल वनला, म्हणजे परिशिष्ट एकला, संस्थेच्या सरकारी नोंदीत, नावं चढतात.

कुणी हरकत घेतली नाही तर सरळ काम आहे. हरकत आली की मग बघायला नको. नोटीस मिळालीच नाही, कोरम नव्हता, तहकूब सभा त्याच दिवशी कशी घेतली, पोचपावतीवरची सही माझी नाहीच... आणि दोन्ही गटांचे दोन चेंज रिपोर्ट, दोन अध्यक्ष, दोन रबरी शिक्के. जिल्ह्याच्या ठिकाणी निकाल, त्याच्यावर अपील, पुढं कोर्ट, वर्षं जातात. तोवर बँक आणि शिक्षण खातं शेड्यूल वनचा उतारा मागतं आणि त्यावर जुनीच नावं, कधी त्यातले दोघं वारलेलेसुद्धा. फारच बिघडलं तर कलम ४१ ड खाली विश्वस्त निलंबित करायची किंवा काढायची, कलम ४७ खाली नवे नेमायची सोय आहे, पण तिथवर जाईस्तोवर सातवीतलं पोरगं बारावी होऊन बाहेर पडतं.

निवासी शाळेत हे जास्त लागतं. दिवसाच्या शाळेत मंडळ भांडलं तरी पोरगं संध्याकाळी घरी जेवतं. इथं मेस, किराणा, दूधवाला, वॉर्डन, रेक्टर सगळं सचिवाच्या सहीवर. सही अडकली की आधी ताटातलं कमी होतं.

मध्ये अजून एक वळण आलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रानं संस्था, खाजगी शाळा आणि राज्यांच्या भागीदारीत १०० नवी सैनिक स्कूल करायचं मंजूर केलं, मार्च २०२२ ला पहिल्या २१ शाळांना मान्यता मिळाली. यात सोसायटीशी करार असतो, अटी दिल्लीच्या, पण जमीन, इमारत आणि मंडळ संस्थेचंच. म्हणजे "सैनिक स्कूल" आणि "सैनिकी शाळा" यातला जो फरक मी वर एवढा समजावून सांगितला तोच आता पुसट व्हायला लागलाय. बोर्डवर सैनिक स्कूल दिसलं म्हणून वर संरक्षणमंत्रीच आहेत असं धरून चालू नका.

मित्राला शेवटी एवढंच सांगितलं की फी रोख देऊ नको, संस्थेच्या खात्यावरच भर आणि पावती जपून ठेव, आणि पीटीआर नंबर, म्हणजे संस्थेचा धर्मादायकडचा नोंदणी क्रमांक, पावतीवरच असतो तो घेऊन धर्मादाय कार्यालयात जा, शेड्यूल वनची नक्कल फी भरून मिळते. तो गेला. नक्कल आली, त्यावर बोर्डवरचंही नाव नव्हतं आणि पावतीवरचंही नव्हतं. पोराला फोनवर विचारलं तिकडं काय चाललंय, तर म्हणाला नवे कमांडंट आलेत, पीटी साडेपाचऐवजी पाचला केली.